व्हीटी-१०० वर मराठी फाइल उघडली की कीबोर्ड का अडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनीअरिंगच्या एका विद्यार्थ्याला कॉलेजच्या भंगारात डेक या जुन्या अमेरिकन संगणक कंपनीचे व्हीटी-१०० टर्मिनल (म्हणजे संगणकाला तारेने जोडायचा पडदा आणि कीबोर्ड) मिळाले. यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावून त्याने ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडले, लॉगिनही झाले, आणि मग तक्रारी सुरू झाल्या. लांब यादी पडद्यावर सोडली की मधला मजकूर गायब होतो आणि ठिपक्याठिपक्यांचे चौकोन उमटतात. विम या एडिटरमध्ये ओळ उडवली तरी ती पडद्यावर तशीच राहते. मराठी फाइल ‘कॅट’ केली (म्हणजे सरळ पडद्यावर ओतली) की टर्मिनल सारखे पीं-पीं वाजते, कर्सर डावीकडे उड्या मारतो आणि शेवटी कीबोर्डच बंद पडतो. त्याचे विचारणे असे: टर्मिनल खराब आहे का? की तेव्हाची यंत्रेच अशी होती? आणि तशीच असतील तर लोक त्यांवर काम कसे करायचे?

तुमचे टर्मिनल बहुतेक ठणठणीत आहे. अडचण अशी की तुमचा संगणक समोर कोण आहे हे न विचारताच बोलतोय. आजचा लिनक्स गृहीत धरतो की पलीकडचा पडदा कितीही वेगाने वाचतो, रंग ओळखतो आणि यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्यांची आजची संहिता समजतो. व्हीटी-१०० यातले काहीच करत नाही. तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ तिथे आहे. फक्त तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत.

‘बहुतेक’ म्हणतो, कारण काही गोष्टी मला इथे बसून कळणार नाहीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या यंत्रात कपॅसिटर सुकलेले असू शकतात, केबलमध्ये एखादी तार उलटसुलट असू शकते. शिवाय व्हीटी-१०० सारखी टर्मिनले इतर अनेक कंपन्यांनी काढली आणि त्यांतले प्रत्येक थोडे वेगळे वागते. म्हणून आधी एक चाचणी करा. ‘सेट-अप’ कळ दाबा, मग ४ दाबा, कीबोर्डवर ‘लोकल’चा दिवा लागेल. पुन्हा ‘सेट-अप’ दाबून बाहेर या आणि काहीही टाइप करा. आता टर्मिनलचा संगणकाशी संबंध नाही. कीबोर्डवरची अक्षरे सरळ पडद्यावर जातात. ती स्वच्छ उमटली तर कीबोर्ड, मेमरी आणि पडदा तिन्ही शाबूत आहेत. अशा टर्मिनलांच्या दुरुस्तीत आणि युनिक्सच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षे गेली. ‘टर्मिनल बंद पडले’ अशी तक्रार आली की पहिली चाचणी हीच असायची आणि बहुतेक वेळा टर्मिनल निर्दोष सुटायचे. ही चाचणी फसली तरी आतले उघडायला जाऊ नका. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते काही काळ टिकून राहतात.

आता या यंत्राला मर्यादा का होत्या ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. मुख्य कारण मेमरी. ट्यूबवरचे चित्र स्वतःहून टिकत नाही, ते सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा काढावे लागते. त्यासाठी पडद्यावरचे प्रत्येक अक्षर कुठेतरी साठवून ठेवावे लागते. आयबीएमच्या १९६४ च्या २२६० या डिस्प्लेमध्ये ही साठवण तारेच्या वेटोळ्यातून फिरणाऱ्या लहरींत होती. अक्षरे एका टोकाने आत सोडायची, दुसऱ्या टोकाला पकडायची आणि पुन्हा आत सोडायची. टेक्ट्रॉनिक्सने १९७२ च्या ४०१० मध्ये साठवणीचे काम ट्यूबवरच सोपवले. एकदा काढलेली रेघ तिथे आपोआप टिकायची, पण खोडायची झाली तर हिरवा झगमगाट करत अख्खा पडदाच पुसावा लागायचा.

चिपवरची मेमरी आली तरी ती महाग होती. चोवीस ओळी आणि ऐंशी स्तंभ म्हणजे १९२० अक्षरे. सात बिटांनी साठवायची तर एक किलोबिटच्या चौदा चिपा लागतात. इंग्रजी लहान (स्मॉल) अक्षरे सोडून दिली तर सहा बिटांत भागते, दोन चिपा वाचतात, आणि अक्षरांचे साचे ठेवणारा रॉमही (न पुसली जाणारी मेमरी) चौसष्ट अक्षरांचा पुरतो. डेकचे १९७० चे व्हीटी-०५ फक्त कॅपिटल अक्षरे दाखवायचे, तेही वीस ओळी आणि बहात्तर स्तंभांत. त्यामागे हाच हिशोब होता.

ऐंशी हा आकडा पंचकार्डाचा. चोवीसमागे टीव्हीच्या मापाचे गणित आहे. अमेरिकन टीव्हीच्या मापाने सेकंदाला १५,७५० आडव्या रेषा निघतात, साठ चित्रांत वाटल्या तर एका चित्राला साधारण २६२. किरण खालून वर परत जाताना त्यांतल्या वीसेक वाया जातात. उरल्या २४०. एका अक्षराला वरखालच्या मोकळ्या जागेसह दहा रेषा दिल्या की चोवीस ओळी होतात. ट्यूब आणि सर्किट टीव्हीच्या मापाचे घेतले की स्वस्त पडायचे, म्हणून पुष्कळ कंपन्या त्याच आकड्यावर आल्या.

तुमचे व्हीटी-१०० ऑगस्ट १९७८ चे मॉडेल. आत इंटेलचा ८०८० आणि फक्त तीन किलोबाइट मेमरी. ‘सेट-अप’मध्ये ९ दाबून १३२ स्तंभ करून बघा. वेगळे मेमरी कार्ड बसवलेले नसेल तर चोवीसऐवजी चौदाच ओळी मिळतील. १३२ गुणिले २४ म्हणजे ३१६८ बाइट; सगळीच्या सगळी मेमरी पडद्याला दिली तरी ती पुरत नाही. वर सरकून गेलेली ओळ पुन्हा दिसत नाही तीही याचमुळे: तिला ठेवायला जागाच नाही. पानापानाने थांबणारी ‘मोर’ ही आज्ञा याच गरजेतून अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लिहिली गेली.

आता तुमची पहिली तक्रार, मजकूर गायब होण्याची. तुम्ही ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, लावले आहेत असे धरतो. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे येतात. व्हीटी-१०० मध्ये ‘स्मूथ स्क्रोल’ चालू असेल तर मजकूर एका चित्राला एकच रेषा वर सरकतो. ओळ दहा रेषांची, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला पाचच ओळी. ओळ साठ अक्षरांची धरली तर तीनशे अक्षरे खपतात आणि साडेसहाशेच्या वर शिल्लक राहतात. टर्मिनलचा इनपुट बफर काही डझन अक्षरांचा. तो भरत आला की टर्मिनल संगणकाला एक्सऑफ पाठवते, म्हणजे कोड १९, ‘थांब’. जागा झाली की एक्सऑन, कोड १७, ‘चालू दे’. संगणकाने ऐकले नाही तर बफर भरून वाहतो आणि हरवलेल्या अक्षरांच्या जागी ते ठिपक्यांचे चौकोन उमटतात. म्हणजे ते चौकोन बिघाड नव्हेत. टर्मिनल तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतेय की इथला मजकूर माझ्यापर्यंत धड पोचला नाही.

उपाय दोन्ही बाजूंनी करा. संगणकावर ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने त्या पोर्टला ‘आयएक्सऑन’ लावा, म्हणजे संगणक ते ‘थांब’ ऐकेल. केबलमधल्या आरटीएस-सीटीएस तारांवर विसंबू नका, व्हीटी-१०० प्रवाह थांबवायला त्या वापरत नाही. टर्मिनलवर ‘ऑटो एक्सऑन-एक्सऑफ’ चालू आणि स्मूथ स्क्रोल बंद ठेवा. एवढे करूनही अक्षरे गळत असतील तर अडॅप्टरवर संशय घ्या. काही अडॅप्टर संगणकाकडून आधीच घेतलेली अक्षरे पोटात ठेवतात आणि ‘थांब’ आल्यावरही ती बाहेर ढकलत राहतात. अशा वेळी ४८०० वर या. वेग कमी करणे ही माघार नव्हे. गळलेल्या मजकुरापेक्षा सावकाश आलेला पूर्ण मजकूर केव्हाही चांगला. जाता जाता एक: आजच्या टर्मिनल खिडकीत कंट्रोल-एस दाबले की सगळे गोठते ना, तो हाच कोड १९. व्हीटी-१०० च्या कीबोर्डवर त्यासाठी ‘नो स्क्रोल’ नावाची वेगळी कळच आहे.

दुसरी तक्रार विमची. सिरियल पोर्टवर लॉगिन दिले की लिनक्समधल्या सेवा चालवणारी सिस्टमडी सहसा ‘टर्म’ या चलाची (समोर कोणते टर्मिनल आहे हे प्रोग्रामना सांगणाऱ्या) किंमत व्हीटी-२२० ठरवते. ते टर्मिनल १९८३ चे. त्याला ओळ घालणे, ओळ काढणे, अक्षर काढणे अशा आज्ञा कळतात; व्हीटी-१०० ला कळत नाहीत. विमने ‘ही ओळ काढ’ म्हणून सांगितले, टर्मिनलने न समजून सोडून दिले, आणि विमच्या मते ओळ गेली. तेव्हापासून विमच्या डोक्यातले पान आणि पडद्यावरचे पान वेगळे झाले. ‘टर्म’ची किंमत व्हीटी-१०० करा. मग तेच काम पडद्याचा ठरावीक भाग सरकवून केले जाते, जे व्हीटी-१०० ला उत्तम येते.

हे सारे मुळात का लागले? तेव्हा प्रत्येक कंपनीची बोली वेगळी होती. कर्सर पाचव्या ओळीत दहाव्या स्तंभात न्यायचा तर लिअर सीग्लरच्या एडीएम-३ए ला एस्केप आणि त्यापुढे =$) अशी चार अक्षरे पाठवायची. ओळ आणि स्तंभ शून्यापासून मोजून त्यांत ३२ मिळवायचे आणि तो कोड ज्या अक्षराचा असेल ते धाडायचे: ४ चे ३६ झाले म्हणून $, ९ चे ४१ झाले म्हणून ). व्हीटी-५२ मध्ये = च्या जागी वाय. व्हीटी-१०० मध्ये मात्र एस्केप, मग [ , मग ५;१० आणि शेवटी एच, अशी सात अक्षरे. प्रत्येक प्रोग्रामने प्रत्येक टर्मिनलची भाषा शिकणे अशक्यच. म्हणून बिल जॉय या प्रोग्रामरने बर्कलीत टर्मकॅप ही यादी केली: टर्मिनलचे नाव सांगा, कोणत्या कामाला काय पाठवायचे ते तिथे वाचा. पुढे टर्मइन्फो आले, ते आजही तुमच्या संगणकात आहे. फक्त आजचे बरेच प्रोग्राम ती यादी न पाहता रंगाचे कोड थेट फेकतात. २५६ रंगांच्या कोडात ३८;५ असा भाग असतो. व्हीटी-१०० ला ३८ कळत नाही, पण ५ म्हणजे ‘लुकलुकणे’ हे पक्के माहीत आहे. तुमच्या पडद्यावर एखादी ओळ विनाकारण लुकलुकली किंवा अधोरेखित झाली तर हे आठवा आणि त्या प्रोग्रामचे रंग बंद करा.

आता मराठी फाइल. तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच, कारण इथे अंदाजाने काही घडत नाही, प्रत्येक उडीचा हिशोब लागतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. व्हीटी-१०० आठवा बिट वाचतच नाही. आठ बिटांची सेटिंग ठेवली तरी आलेल्या अक्षराचा आठवा बिट ते टाकून देते. म्हणजे १२७ च्या वरच्या प्रत्येक बाइटातून १२८ वजा होतात. ‘पुणे’ हा शब्द घ्या. प म्हणजे २२४, १६४, १७०. वजाबाकीनंतर ९६, ३६, ४२, आणि पडद्यावर `$*. उकार २२४, १६५, १२९. त्याचे `% आणि एक न दिसणारा कोड १. ण चे `$# . शेवटी एकाराची मात्रा: २२४, १६५, १३५. त्यातल्या १३५ चे उरतात ७, आणि ७ म्हणजे बेल. पडद्यावर उमटते `$*`%`$#`% आणि टर्मिनल वाजते. तुमच्या फाइलीत जितक्या एकाराच्या मात्रा, निदान तितक्या वेळा पीं.

हलन्ताचा तिसरा बाइट १४१, त्याचे १३ होतात: कॅरेज रिटर्न. म्हणून जोडाक्षर आले की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि पुढचा मजकूर आधीच्या मजकुरावर छापला जातो. ‘पुस्तक’मधला ‘तक’ असा ओळीच्या डाव्या टोकाला जाऊन पडतो. ओकाराच्या मात्रेचे ११ होतात, कर्सर एक ओळ खाली. ऐकाराचे ८, एक घर मागे. छ चा तिसरा बाइट १५५, त्याचे २७, म्हणजे साक्षात एस्केप. त्याच्या पुढचे जे येईल ते टर्मिनल आज्ञा समजून गिळते. छ च्या लगेच पुढे इंग्रजी लहान ‘सी’ आला तर एस्केप-सी होऊन टर्मिनल चक्क रीसेट होईल.

आणि कीबोर्ड? ‘ओ’ या स्वराचा तिसरा बाइट १४७. १२८ वजा केले की १९. एक्सऑफ! टर्मिनलला वाटते संगणक ‘थांब’ म्हणतोय, म्हणून ते कीबोर्डवरची अक्षरे पाठवणे बंद करते. ‘ओळ’, ‘ओळख’, ‘ओझे’ यांपैकी कोणताही शब्द पुरे. तुम्ही टाइप करत राहिलात तर थोड्या वेळाने ‘केबीडी लॉक्ड’ हा दिवा लागतो. सुटका कशाने होते? १७ ने. आणि १४५ वजा १२८ म्हणजे १७, हा ‘ऑ’ चा तिसरा बाइट. फाइलीत पुढे ‘ऑगस्ट’ किंवा ‘ऑफिस’ आले तर कीबोर्ड आपोआप मोकळा होतो. नाही आले तर ‘सेट-अप’ दाबून ० दाबा, टर्मिनल रीसेट होईल.

भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ठरलेल्या इस्की या प्रमाणसंहितेत हा गोंधळ उडत नाही, कारण तिची अक्षरे १६१ पासून पुढे ठेवली आहेत. आठवा बिट गेला तरी ३३ च्या पुढचे काहीतरी छापील अक्षर उरते. मजकूर वाचता येत नाही, पण बेल वाजत नाही आणि कीबोर्डही अडत नाही. सिरियल टर्मिनल डोळ्यांसमोर ठेवून केलेले ते काम होते आणि त्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्राची टर्मिनले काढली, त्यांवर देवनागरी दिसायची. तुमच्या व्हीटी-१०० च्या रॉममध्ये देवनागरीचे साचे नाहीत. शिवाय दहा रेषांत शिरोरेषा, वरची मात्रा, रफार आणि खालचा उकार एकाच वेळी मावणेही अवघड. त्यामुळे या यंत्रावर देवनागरी वाचण्याचा नाद सोडा. भाषा ठरवणाऱ्या ‘एलसी-ऑल’ या चलाची किंमत ‘सी’ करा, म्हणजे बरेचसे प्रोग्राम सात बिटांच्या बाहेरचे बाइट आकड्यांत दाखवतील. कच्ची फाइल पाहायची तर ‘कॅट’ला ‘व्ही’ हा पर्याय द्या, म्हणजे घातक कोड छापील चिन्हांत बदलून येतील. मजकूर वाचायचाच असेल तर आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीसोबत येणाऱ्या ‘यूकॉन्व्ह’ने तो साध्या रोमन लिपीत उतरवून मग पाठवा.

राहिला शेवटचा प्रश्न, लोक काम कसे करायचे. उत्तर पुष्कळसे वेगावर अवलंबून होते. ३०० बॉडच्या फोन लाइनवर अख्खा पडदा भरायला ६४ सेकंद लागतात, १२०० वर १६, ९६०० वर दोन. बिल जॉयने व्हीआय हा एडिटर (विमचा पूर्वज) लिहिला तो एडीएम-३ए आणि ३०० बॉडच्या मोडेमवर. त्या टर्मिनलच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये कर्सर त्या कळांनी हलतो. लाइन मंद असेल तर व्हीआय पूर्ण पडदा वापरायचाच नाही: ३०० वर आठ ओळींची खिडकी, १२०० वर सोळा, त्याहून जलद असेल तरच पूर्ण. एक शब्द बदलायला दोन-तीन कळा, आणि पडद्यावर फक्त बदललेला तुकडा. आजही मंद लाइनवर मी दुसरा एडिटर उघडत नाही.

आयबीएमने १९७१ च्या ३२७० मध्ये वेगळी वाट धरली. पडद्यावर रिकामा फॉर्म एकदाच यायचा, भरणाऱ्याने तो तिथल्या तिथे भरायचा आणि एंटर दाबल्यावर फक्त बदललेली घरे संगणकाकडे जायची. दर कळेला संगणकाला त्रास नाही. मोठ्या कार्यालयातल्या नोंदींना ही पद्धत सुरेख होती, लेखन-संपादनाला मात्र गैरसोयीची.

आमच्याकडे एका युनिक्स संगणकावर सात-आठ टर्मिनले असायची आणि नोंदी करणारी माणसे दिवसभर त्यांवर बसायची. तिथे आमचा नियम असा: चौकट आणि शीर्षके एकदाच काढायची, पडदा कधीही पूर्ण पुसायचा नाही, बदललेली रक्कम तेवढी तिच्या जागी लिहायची, आणि चुकीचा संदेश कायम शेवटच्या ओळीत दाखवायचा. सरावलेली माणसे पडद्याकडे न बघता पुढच्या दोन नोंदी टाइप करून मोकळी व्हायची, पडदा मागून यायचा. यंत्र हळू होते, पण प्रत्येक कळ कुठे पोचते हे त्यांना ठाऊक असायचे. आजच्या कित्येक वेबसाइटवर मला तो भरवसा मिळत नाही.

आता तुम्ही करायचे एवढे: ‘सेट-अप’ दाबा, मग ५ दाबा. तळाशी शून्य-एकचे चार गट आणि दोन वेग दिसतील. पहिल्या गटातला पहिला आकडा ० हवा, तो स्मूथ स्क्रोल बंद करतो. दुसऱ्या गटातला शेवटचा १ हवा, तो एक्सऑन-एक्सऑफचा. चौथ्या गटातला शेवटचा विजेचा, आपल्याकडे १, म्हणजे ५० हर्ट्झ. तो चुकला असेल तर चित्र हलके डोलताना दिसते. बाणांनी त्या आकड्यावर जाऊन ६ दाबले की तो बदलतो, आणि शिफ्ट-एस दाबले की बदल कायमचा साठतो. यानंतरही चौकोन उमटत राहिले तर हे चारही गट, दोन्ही वेग आणि अडॅप्टरमधल्या चिपचे नाव इथे लिहा, पुढचे तिथून बघू.